काकाकुवा: फ्लॅटमधला आणि रानातला

परदेशी पाळीव पक्ष्यांविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी फक्त काकाकुव्यांची पत्रे घेतली आहेत. पक्षीवाले ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात तो लहान राखाडी पक्षीही याच कुळातला, पण त्याचे प्रश्न वेगळे आणि बरेच सोपे असतात. इथली उत्तरे गॉफिन, अंब्रेला, मोलुक्कन आणि पिवळ्या तुऱ्याच्या मोठ्या पक्ष्यांसाठी आहेत.

२०१९ मध्ये एका ओळखीच्यांकडून गॉफिन काकाकुवा घेतला. पावती नाही, पायात कडी नाही. तो आता बेकायदा ठरतो का? — र. म., कांदिवली

काकाकुवा पाळायला बंदी नाही, पण नोंदणी सक्तीची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटीस’ करारातल्या प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. कॉकटेल त्यातून वगळलेला आहे, बाकीचे काकाकुवे नाहीत. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस आले. ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी होता त्यांना सहा महिने मिळाले होते आणि ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नवा पक्षी ताब्यात आला की ३० दिवसांच्या आत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पिल्लू झाले, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवायचे असते.

तुमची मुदत हुकली आहे, तेव्हा गप्प बसण्यापेक्षा राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. सोबत पक्ष्याचे समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, जुने तारीखवार फोटो आणि ज्यांनी पक्षी दिला त्यांचे सहीचे निवेदन जोडा. २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली होती. तेव्हाचे काही कागद असतील तर तेही लावा. या काळात पक्षी विकू नका, परराज्यातही नेऊ नका.

एक गोष्ट मात्र करू नका. बाजारात ‘कडी घालून देतो’ म्हणणारे भेटतात. अखंड कडी पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच पायात सरकते, नंतर पंजा मोठा झाला की जात नाही. मोठ्या पक्ष्याच्या पायातली कडी म्हणजे कापून जोडलेली, आणि तो सांधा तपासणाऱ्याला भिंगाशिवाय दिसतो. ओळख हवी असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून छातीच्या स्नायूत मायक्रोचिप बसवून घ्या.

कडकपणामागे कारण आहे. गॉफिनचे मूळ घर म्हणजे इंडोनेशियातली तनिंबार बेटे, जगात दुसरीकडे कुठे नाही. १९८० च्या दशकात तिथे लाकूडतोड वाढली आणि हजारो पक्षी पकडून परदेशी पाठवले गेले. १९९२ मध्ये ही जात साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात गेली आणि रानातून पकडलेल्या पक्ष्यांचा व्यापार बंद झाला.

डोळ्यांच्या रंगावरून नर-मादी कळते म्हणतात. जोडी लावायची आहे. — स. प., विक्रोळी

अंब्रेला, मोलुक्कन यांसारख्या पांढऱ्या-गुलाबी जातींत वयाच्या तीन-चार वर्षांनंतर बरेचदा कळते. बाजूने टॉर्च धरला की नराची बुबुळे काळीभोर आणि मादीची तांबूस तपकिरी दिसतात. गॉफिनमध्ये हा ठोकताळा फसतो. खात्रीसाठी डीएनए चाचणी करा. छातीवरची तीन-चार ताजी उपटलेली पिसे किंवा रक्ताचा थेंब लागतो, गळून पडलेले पीस चालत नाही.

जोडीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे, लावू नका. बंदिस्त काकाकुव्यांत नर मादीवर अचानक तुटून पडतो, तिची चोच फोडतो, प्रसंगी मारून टाकतो, आणि वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोडीतही हे घडते. रानात मादीला उडून जाता येते, पिंजऱ्यात येत नाही. शिवाय साइटीसच्या पहिल्या परिशिष्टातल्या जातींच्या पैदाशीसाठी वेगळा परवाना लागतो.

घरभर पांढरी पूड पसरते. फर्निचर, टीव्ही, देव्हारा, काहीच सुटत नाही. यजमानांना दमा आहे. काय करावे? — सौ. अ. क., दादर

ही पूड पक्षी निरोगी असल्याची खूण आहे, त्यामुळे ती थांबवता येणार नाही. काकाकुव्याच्या मांड्यांजवळ आणि कमरेशी खास पिसे असतात. त्यांची टोके सतत झिजून मैद्यासारखी पूड होते आणि पक्षी चोचीने ती अंगभर फासतो. पिसे स्वच्छ आणि पाण्यापासून सुरक्षित राहतात ती त्यामुळेच. मोकळ्या रानात ती वाऱ्यावर जाते, साडेचारशे चौरस फुटांत ती जाणार कुठे?

आधी यजमानांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि ‘घरात काकाकुवा आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. दमा ही एक गोष्ट झाली. पक्ष्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या कणांमुळे फुप्फुसाला येणारी ॲलर्जिक सूज ही दुसरी, आणि कबुतरखान्यांच्या वादामुळे ती मुंबईकरांना आता ऐकून माहीत आहे. कोरडा खोकला हटत नाही, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो, चार दिवस गावी गेल्यावर बरे वाटते आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होते, अशी लक्षणे असतील तर सिटीस्कॅन लांबवू नका. तो आजार निघाला तर कुठलेही यंत्र पुरणार नाही, पक्षी दुसऱ्या घरी द्यावाच लागेल. फुप्फुस एकदा निबर झाले की परत पूर्ववत होत नाही.

साधा दमाच असेल तर पुढचे उपाय पडताळून पाहा. पिंजरा झोपण्याच्या खोलीत नको. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला तासाला किमान २०० घनमीटर हवा गाळणारे हेपा फिल्टरचे, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचे, यंत्र लागते. त्यात आयोनायझर किंवा ओझोनची सोय असेल तर ती बंद ठेवा. बाहेरची जाळी दर आठवड्याला धुवा. आतला फिल्टर वर्षभर चालतो असे खोक्यावर लिहिलेले असले तरी काकाकुव्याच्या घरात तो सहा महिन्यांत करडा पडतो, तेव्हा बदला. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवा. केरसुणी आणि पिसाऱ्याने पूड फक्त उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. ट्रेमधला कागद उचलण्याआधी त्यावर पाणी शिंपडा, मग आत दुमडत गुंडाळा.

पक्ष्याला आठवड्यातून तीनदा अंघोळ घाला. कोमट साधे पाणी, फवाऱ्याची बारीक धार, तीही वरून पावसासारखी पडेल अशी. तोंडावर मारलीत तर तो आयुष्यभर बाटलीला घाबरेल. दुपारी दोनच्या आत उरका, म्हणजे रात्रीपर्यंत आतली मऊ पिसे वाळतात. हेअर ड्रायर नको, काहींच्या आत टेफ्लॉनचा (नॉनस्टिक तव्यावरचा) लेप असतो आणि तो तापला की निघणारा धूर पक्ष्याला मारतो.

अंब्रेला काकाकुवा इतका ओरडतो की सोसायटीने नोटीस लावली. झाकण घातले की गप्प बसतो, काढले की पुन्हा सुरू. — म. शि., मुलुंड

सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दहा ते वीस मिनिटांचा आरडाओरडा जाणार नाही. रानात थवा रात्रीच्या झाडांवरून उठताना आणि परतताना असेच करतो. ‘मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात?’ एवढाच त्याचा अर्थ असतो. सोसायटीशी बोलताना हे दोन वेळ मागून घ्या आणि बाकीच्या वेळेची हमी द्या, कारण बाकीचा ओरडा घरच्यांनीच शिकवलेला असतो. पक्षी किंचाळला की कुणीतरी धावत येते, ‘ए गप!’ म्हणते, पिंजऱ्यावर चादर टाकते. यातले काहीही त्याला शिक्षा वाटत नाही. माणूस आला, काम झाले.

सात दिवस वही ठेवा. ओरडा कधी झाला, आधी काय घडले, नंतर घरातल्या कुणी काय केले, एवढेच लिहा. बहुतेक घरांत दोन-तीन ठरावीक प्रसंग निघतात: फोन सुरू झाला, कुणी खोलीबाहेर गेले, दाराची बेल वाजली. मग एक शीळ ठरवा. पक्ष्याने मऊ आवाज काढला, बोलला, शीळ घातली, की दोन-तीन सेकंदांत तुमची शीळ त्याला मिळाली पाहिजे. किंचाळला तर खोलीत पाऊल नाही, नजर नाही, शब्द नाही. पाच सेकंद शांतता झाली की आत जा. पुढे ती पाचाची दहा, वीस, साठ सेकंद करत न्या.

इथे लोक हमखास घसरतात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत ओरडा वाढतो, कारण जे आजवर चालत होते ते का चालेना म्हणून पक्षी जोर लावतो. नवव्या दिवशी कंटाळून कुणी आत गेले, तर पक्षी नेमके हे शिकतो की जास्त वेळ आणि जास्त मोठ्याने ओरडावे लागते. म्हणून शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा आणि आजी-आजोबा, कामाच्या ताई, सगळ्यांना नियम समजावून द्या. घरातला एकजण जरी फुटला तरी सगळे पाण्यात.

सोबत झोप पाहा. काकाकुव्याला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर तो पक्षी चिडका होणारच. रात्री आठला दुसऱ्या खोलीत लहान झोपेचा पिंजरा ठेवता आला तर उत्तम. शेजाऱ्याच्या भिंतीला मोठा पिंजरा टेकवू नका. भिंतीला चिकटवायच्या फोमच्या पट्ट्यांनी काही फरक पडत नाही, आणि पक्षी त्या खातो.

मोलुक्कनबद्दल कुणी विचारत असेल तर आमचे उत्तर आताच देतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो पक्षी आणू नये. आवाजाला इतका जबरदस्त, माणसाला इतका चिकटणारा पक्षी दुसरा क्वचितच असेल.

आमचा गॉफिन फक्त सूर्यफूल खातो. चहात बुडवलेली पोळी आणि फरसाणही आवडते. पेलेट, म्हणजे तयार दाणेदार खाद्य, फेकून देतो. — नि. ज., गिरगाव

चहा आणि फरसाण आजपासून बंद. चहातले कॅफिन आणि फरसाणातले मीठ ३०० ग्रॅमच्या जिवाला फार होते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, लसूण, मद्य आणि सफरचंदाच्या बिया कधीच देऊ नका. मिरची मात्र खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही.

नुसत्या सूर्यफुलात चरबी भरपूर, ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नगण्य. परिणामी यकृतावर चरबी चढते, चोच आणि नखे वेडीवाकडी वाढतात, नाकपुड्या आणि घसा वारंवार बिघडतो. रोजचे माप साधारण असे: २० ते २५ ग्रॅम पेलेट, ३० ग्रॅमच्या आसपास भाज्या आणि मोड आलेली कडधान्ये, एक बदाम किंवा अर्धा अक्रोड, आणि शिकवताना बक्षीस म्हणून आठ-दहा सूर्यफुलाचे दाणे. भाज्यांत लाल भोपळा, गाजर, उकडलेले रताळे, शेवग्याचा पाला, मेथी, भोपळी मिरची, कोवळे मक्याचे कणीस. पालक अधूनमधून, कारण तो कॅल्शियम अडवतो.

बदल एका झटक्यात करू नका. काकाकुवा हट्टाने उपाशी राहतो आणि चरबी चढलेले यकृत उपास सोसत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. सकाळची पहिली शीट झाल्यावर, खाण्याआधी, रोज वजन लिहा. बिया सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटेच ठेवा, मधल्या वेळात वाटीत पेलेट. पेलेटची पूड करून ओलसर मोडाच्या मटकीवर भुरभुरा. ती खाऊ लागला की पुडीचे तुकडे, तुकड्यांचे अख्खे दाणे. चार ते सहा आठवडे धरा. वजन सुरुवातीच्या पाच टक्क्यांनी उतरले तर बिया वाढवा. दहा टक्के उतरले तर प्रयोग थांबवून डॉक्टरकडे जा. शीट कमी, गडद हिरवी आणि चिकट दिसली तर पक्षी फक्त खेळतोय, खात नाही.

मुंबईच्या हवेसाठी दोन सूचना. ओले खाणे दोन तासांत उचला, पावसाळ्यात तर एका तासात. आणि शेंगदाणे, विशेषतः शेंगांसकट, जून ते ऑक्टोबर देऊच नका. दमटपणात त्यांवर बुरशी धरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन यकृत जाळते. भाजल्याने ते विष जात नाही.

छातीवरची आणि पंखाखालची पिसे उपटून पक्षी उघडा केला आहे. पिंजऱ्यात खेळणी भरपूर आहेत. कंटाळा असेल का? — वि. दे., बोरिवली

कंटाळा हे निदान शेवटी करायचे असते. आधी डोके पाहा. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही, त्यामुळे उपटणाऱ्या पक्ष्याचे डोके आणि तुरा शाबूत राहतात. डोक्यावरचीही पिसे झडत असतील, नवी पिसे चिमटलेली किंवा वेटोळी येत असतील, तर चोच-पिसांचा विषाणूरोग, म्हणजे पीबीएफडी, मनात धरा. चोचही सांगते. निरोगी अंब्रेलाची काळी चोच पुडीमुळे राखी, मंद दिसते. ती पॉलिश केल्यासारखी चकचकीत काळी दिसू लागली म्हणजे पूड देणारी पिसे निकामी होत आहेत. या रोगावर औषध नाही आणि तो दुसऱ्या पोपटवर्गीय पक्ष्यांना लागतो, म्हणून घरात आणखी पक्षी असतील तर निकाल येईपर्यंत वेगळे ठेवा, भांडी आणि हातसुद्धा वेगळे.

डॉक्टरांकडे मागायच्या गोष्टी अशा: पीबीएफडीची पीसीआर चाचणी, सिटाकोसिसची (पक्ष्यांकडून माणसालाही लागणाऱ्या जिवाणूरोगाची) पीसीआर चाचणी, रक्तगणना आणि यकृताच्या तपासण्या, ताज्या शिटेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, आणि एक्स-रे. एक्स-रेत पोटात धातूचा कण दिसला तर जस्त किंवा शिसे. जस्त गॅल्व्हनाइज्ड जाळीतून आणि स्वस्त साखळ्यांतून येते, शिसे जुन्या रंगातून आणि पडद्यांच्या वजनांतून. ही विषबाधा औषधाने उतरवता येते, वेळेत कळली तर. परळच्या बैलघोडा इस्पितळापासून खासगी दवाखान्यांपर्यंत कुठेही जा, पण फोन करून ‘पोपटवर्गीय पक्षी पाहणारे डॉक्टर आज आहेत का’ हे आधी विचारा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर पक्ष्याचे रक्त काढायला नकार देतात, आणि ते योग्यच करतात.

सगळे अहवाल स्वच्छ आले तर मग दिनक्रमाकडे वळा. खेळणी भरपूर असणे आणि काम असणे यात फरक आहे. रानातला काकाकुवा दिवसाचा मोठा भाग खाणे शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात घालवतो. तुमच्या पक्ष्याला तेच खाणे वाटीत मिळते आणि पंधरा मिनिटांत संपते. उरलेल्या वेळात चोचीला एकच वस्तू सतत हाताशी असते, ती म्हणजे त्याची पिसे.

म्हणून निम्मे पेलेट लपवून द्या. पहिल्या आठवड्यात कागदाच्या उघड्या पुडीत, पक्ष्याच्या डोळ्यांदेखत ठेवा. मग पुडी मुरगळा. मग ती शहाळ्याच्या वाळक्या सोडणात खोचा, मग मक्याच्या सालीत गुंडाळून पिंजऱ्याच्या छताला टांगा. एकदम अवघड केले तर पक्षी नाद सोडून ओरडू लागतो. कुरतडायला पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फवारणी न झालेल्या फांद्या सालीसकट, बांबू, करवंट्या, साधे पुठ्ठे. दर तीन दिवसांनी फांदी बदला, ती भुसा झालेली असली पाहिजे. तशीच शाबूत राहिली तर लाकूड जास्त कठीण आहे. कण्हेर कुठल्याही स्वरूपात नको. प्लायवुड आणि सनमायका नको, डिंक आणि रसायने पोटात जातात. सुती दोरांचे धागे सुटले की बोटांत अडकतात आणि गिळले की पोटात गोळा होतो.

पिसांच्या मुळांना इजा झाली नसेल तर ती परत येतात, पण पुढच्या पीसगळीपर्यंत थांबावे लागते. गळ्यात कॉलर घालणे हा रक्त काढेपर्यंत कातडे खाणाऱ्या पक्ष्यासाठीच उपाय आहे.

कडी उघडतो, कुलूपही! पिंजरा कसा असावा? — प्र. गा., चेंबूर

गॉफिन असेल तर नवल नाही. व्हिएन्नाजवळच्या प्रयोगशाळेतल्या ‘फिगारो’ नावाच्या गॉफिनने तुळईच्या लाकडाची लांब ढलपी काढून जाळीबाहेरचा काजू ओढून घेतला, ते संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तनिंबारच्या रानातून थोड्या दिवसांसाठी पकडलेल्या दोन पक्ष्यांनी तर ‘सी मँगो’ नावाच्या फळाची कठीण कोय उघडायला पाचर, सुरी आणि चमचा अशा कामांसाठी वेगवेगळ्या काड्या घडवल्या. ते फळ कण्हेरीच्या कुळातले आहे, त्यावरून घरी काही ठरवू नका.

पिंजरा गॉफिनसाठी किमान ९० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद, १२० उंच. गजांमधले अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास, जाडी तीन मिलिमीटर किंवा अधिक. अंब्रेलासाठी १२० बाय ९० बाय १५०, अंतर अडीच ते साडेतीन सेंटिमीटर, जाडी चार मिलिमीटर. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत पावडर-कोटिंग दोन-तीन पावसाळ्यांत फुगते आणि पक्षी ते सोलून खातो. सरकती खिट्टी निरुपयोगी. स्क्रू फिरवून बंद होणारी कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहकांची कडी, किंवा स्टीलचे कुलूप आणि किल्ली खिशात. पितळी कुलूप नको, पितळेत जस्त असते. खाण्याच्या वाट्यांच्या छोट्या दारांनाही वेगळी अडकण लावा, बहुतेक पक्षी तिथूनच पसार होतात. दांड्या गॉफिनला अडीच-तीन सेंटिमीटर, अंब्रेलाला चार-पाच, वेगवेगळ्या जाडीच्या.

माझ्या मांडीवर बसून कॉलर कुरतडतो, अंगावर घसा रिता करतो, आणि बायको जवळ आली की तिला चावतो. — अ. रा., अंधेरी

तो तुम्हाला जोडीदार समजतो आहे. पाठीवरून, पंखाखालून, शेपटीजवळ हात फिरवणे बंद करा, काकाकुव्यांत तो मीलनाचा स्पर्श आहे. हात फक्त डोके आणि मान. सोफ्याखाली, कपाटात, उशीमागे जाऊ देऊ नका, ती त्याला घरट्याची ढोली वाटते. कोमट मऊ खाणे थांबवा. झोप बारा तास करा. बदाम-अक्रोड यापुढे फक्त बायकोच्या हातून. हे दुर्लक्षून चालणार नाही: सतत उत्तेजित राहिलेल्या अंब्रेला आणि मोलुक्कन पक्ष्यांचा गुदमार्ग बाहेर येतो. शेपटीखाली लाल-गुलाबी मांस दिसले तर त्यावर खारट पाण्याने ओलसर केलेले स्वच्छ कापड धरून त्याच तासाला दवाखाना गाठा.

दिवाळी आणि गणपतीत काय काळजी घ्यावी? — सौ. मी. त., लालबाग

खिडक्या बंद, पिंजरा रस्त्याच्या बाजूपासून दूर, मंद दिवा चालू. अंधारात दचकलेला पक्षी गजांवर आपटतो. धूप, कापूर, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि डांबरगोळ्या त्याच्या खोलीत नकोत. सणासुदीला खरा धोका स्वयंपाकघरात असतो: नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की टेफ्लॉनचा धूर निघतो, माणसाला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. एअर फ्रायर, सँडविच टोस्टर यांतही तोच लेप असतो. त्या घरात लोखंडी तवा आणि स्टीलची कढई.

खिडकीतून उडाला तर? — ह. सा., माहीम

पहिल्या दहा मिनिटांत दिशा पाहून ठेवा आणि नजर हटवू नका. माणूस एकच धावावा, जमाव नको. पक्षी बहुधा काहीशे मीटरच्या आत उंच झाडावर किंवा गच्चीच्या कठड्यावर बसतो आणि कावळे त्याच्याभोवती कालवा करतात, तोच तुमचा माग. त्याचा पिंजरा दार उघडून, आवडीचे खाणे आत ठेवून, त्याला दिसेल अशा गच्चीवर न्या. रोजची शीळ घाला. वरून सरळ खाली उतरणे पाळीव पक्ष्याला जमत नाही, म्हणून शेजारच्या इमारतीत त्याच्या उंचीला किंवा किंचित खाली उभे राहा. अंधार पडल्यावर शोध थांबवा आणि उजाडण्याआधी तिथेच हजर राहा, भुकेला पक्षी पहाटे हाक देतो. पाण्याचा मारा आणि दगड नकोत. नोंदणीची प्रत आणि मायक्रोचिपचा क्रमांक फोनमध्ये ठेवा, पक्षी दुसऱ्याच्या हाती लागला तर तेवढाच पुरावा.

त्याला संजय गांधी उद्यानात सोडून दिले तर मोकळा जगेल ना? — कु. ई. भ., गोरेगाव

नाही. परदेशी पक्षी रानात सोडणे चूक आहे आणि माणसाने वाढवलेला एकटा पक्षी इथे आठवडाभर टिकणे कठीण. जगलाच तर जास्त वाईट, कारण त्याच्यासोबत विषाणूही आपल्या पोपटांत जाईल.

रानातले काकाकुवे कुठे पाहता येतील? काळा काकाकुवा काठीने ढोल वाजवतो हे खरे का? — डॉ. श्री. ना., विलेपार्ले

खरे आहे. ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क भागातला नर पाम काकाकुवा फांदी तोडतो, ती हव्या त्या लांबीची करतो आणि पायात धरून पोकळ खोडावर ठोकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक नराचा ठेका वेगळा आणि ओळखू येण्याजोगा आढळला. ठोकून आवाज करणारे इतर प्राणी आहेत, पण स्वतः घडवलेल्या वाद्यावर ठेका धरणारा माणसाखेरीज दुसरा प्राणी माहीत नाही. मादी एका खेपेला एकच अंडे घालते, तेही दरवर्षी नाही. घरटे लागते जुन्या झाडाच्या खोल ढोलीत, आणि तशी ढोली तयार व्हायला वाळवी, वणवे आणि फार मोठा काळ लागतो.

पाहायला सर्वांत सोपे शहर सिडनी. तिथले पिवळ्या तुऱ्याचे मोठे काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची झाकणे चोचीने उचलून, कडेकडेने चालत उलटवतात. २०१८ पूर्वी हे तीन उपनगरांत दिसत होते, २०१९ च्या अखेरीस ४४ मध्ये, कारण पक्षी एकमेकांचे पाहून शिकतात. लोकांनी झाकणांवर विटा ठेवल्या तर पक्षी त्या ढकलून देतात. मुंबईहून जवळ म्हणाल तर सिंगापूर आणि हाँगकाँग. पिंजऱ्यांतून सुटलेल्यांचे वंशज दोन्हीकडे रुळले आहेत. हाँगकाँगमध्ये पिवळ्या तुऱ्याचे लहान काकाकुवे सुमारे दोनशे आहेत, आणि हीच जात मायदेशी, इंडोनेशियात, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. २०१५ मध्ये सुराबाया बंदरावर प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांत कोंबलेले हे पक्षी पोलिसांना सापडले होते. फिलिपिन्सच्या पलावानजवळच्या रासा बेटावर तिथल्या लाल बुडाच्या काकाकुव्यांचे रक्षण पूर्वी पिल्ले चोरणाऱ्यांनाच पगारी रखवालदार करून केले जाते. आमच्या मते पक्षी वाचवण्याची यापेक्षा शहाणी युक्ती कमी पाहायला मिळते.

माझे वय ६१, पक्षी ८ वर्षांचा. माझ्यानंतर? — द. वै., शिवाजी पार्क

शिकागोजवळच्या ब्रूकफील्ड प्राणिसंग्रहालयातला ‘कुकी’ नावाचा काकाकुवा २०१६ मध्ये वारला तेव्हा ८३ वर्षांचा होता. घरात चाळीस वर्षे धरून चाला. आतापासूनच ज्यांच्याकडे तो जाईल त्यांना आठवड्यातून एकदा घरी बोलवा, हातून खायला द्यायला लावा. एका फाइलीत नोंदणीचे कागद, मायक्रोचिपचा क्रमांक, डॉक्टरांचा फोन, वजनाची वही, रोजचे खाणे ग्रॅममध्ये, भीती वाटणाऱ्या वस्तू आणि तुमची शीळ मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मृत्युपत्रात पक्ष्याच्या खर्चासाठी रक्कम वेगळी लिहा आणि ती कुणाच्या हाती द्यायची हेही. हस्तांतर झाले की नोंदणी नव्या पालकाच्या नावे करून घ्यावी लागेल, ते काम कसे करायचे याचा कागदही त्याच फाइलीत असू द्या.